तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चार मिनिटांचं काय

"सर, परीक्षेत पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीला 24 तास धरले तरी मार्क मिळतात, मग तुम्ही त्या 23 तास 56 मिनिटांवर अख्खं लेक्चर का घालवता?" पालक विचारतात, क्लासमधले बाकीचे सर विचारतात, परवा दादरच्या ब्रिजवर एक जुना विद्यार्थी भेटला, त्याचंही तेच. दरवेळी हसून टाळलंय. आज लिहूनच टाकतो.

भूस्थिर उपग्रहाची, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाची, उंची काढायची, केप्लरचा नियम लावायचा, आवर्तनकाळ (एका फेरीचा वेळ) 24 तास म्हणजे 86,400 सेकंद टाकायचा, शेवटी पृथ्वीची त्रिज्या 6,378 वजा करायची (निम्मी बॅच ती विसरून 42 हजार लिहून मोकळी होते, ते वेगळंच दुखणं), उत्तर 35,863 किलोमीटर. 23 तास 56 मिनिटांचे 86,164 सेकंद टाकले तर 35,786. फरक 77. राउंड केलं की दोन्ही 36,000च. हे मला कळत नाही असं समजू नका. मीच सात-आठ वर्षं 24 तास शिकवलेत, तेही ठणकावून.

मग परळच्या क्लासमधली ती डिसेंबरची संध्याकाळ. अकरावीची बॅच, पोर्शन मागे पडलेला, मी फळ्यावर 86,400 लिहितोय आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, सर, मी रात्री चाळीच्या गच्चीवर अभ्यासाला बसते, मृग नक्षत्रातला एक तारा समोरच्या टॉवरच्या कडेला आला की टाइम लिहून ठेवते, तो रोज चारेक मिनिटं आधी येतो, मग पृथ्वीची फेरी 24 तासांची कशी? वहीच पुढे केली. तारखा, वेळा, मधे ढगाळ दिवसांच्या फुल्या. मी वही हातात घेतली नाही. म्हटलं, "बाई गं, तुला इस्रोत जायचंय की परीक्षेला बसायचंय? गच्ची सोड, न्यूमेरिकल सोडव." वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, हे सांगायलाच हवं. तिने वही दप्तरात टाकली आणि वर्षभर परत हात वर केला नाही.

घरी जाताना लोकलमध्ये मोबाइलवर आकडेमोड केली. मुलगी बरोबर होती. घड्याळात 12 ला दोन्ही काटे एकावर एक असतात, मिनिटकाटा पूर्ण फेरी मारून परत येतो तोवर तासकाटा 1 वर गेलेला, त्याला गाठायला अजून थोडं पळावं लागतं. तसंच हे. पृथ्वी सूर्याभोवती रोज साधारण एक अंश पुढे सरकते, म्हणून सूर्य परत डोक्यावर यायला एक अंश जास्त फिरावं लागतं, त्याचीच ती चार मिनिटं. पण उपग्रहाला सूर्याशी काय देणंघेणं? त्याला पृथ्वीच्या खऱ्या फेरीशी जुळवून घ्यायचंय. 24 तासांच्या कक्षेत सोडलात तर तो रोज जवळजवळ एक अंश पश्चिमेला सरकत राहील, आणि तुमच्या खिडकीच्या ग्रिलवरची दक्षिणेकडे तोंड केलेली टीव्हीची छत्री दोन-तीन दिवसांत आंधळी. 77 किलोमीटर म्हणजे चर्चगेटहून विरार गाठून वर सतरा.

हे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. आधी पोर्शन, मग प्रिलिम, मग बॅचच संपली. त्या वेळच्या मला आज झापायला जावं तर तो म्हणतो, पन्नास पोरं, तीन महिने, तू असतास तर काय केलं असतंस? आणि खरं सांगू, उत्तर नाही माझ्याकडे. पुढच्या बॅचपासून लेक्चर घालवायला लागलो, ते पोरांसाठी की त्या वहीसाठी, हेही मला नीट माहीत नाही.

गेल्या वर्षी एका मुलाने कॉलेजच्या प्रिलिमला 86,164 लिहिलं. तपासणाऱ्याने आकड्याला लाल गोल केला, एक मार्क कापला. रात्री त्याच्या आईचा फोन. "सर, तुम्ही शिकवलंत म्हणून लिहिलं त्याने." मी चार मिनिटांचं सगळं समजावलं, घड्याळासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, चूक तपासणाऱ्याची आहे.

"असेल. मार्क आमच्या पोराचा गेला ना पण."