खो-खोचं पुढे काय? विचारलंत म्हणून सांगतो

"पोरगी रोज संध्याकाळी मैदानावर असते, ते ठीक आहे हो, पण खो-खोचं पुढे काय?" पालकसभेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न गाठतो. विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा काळजीचा असतो, म्हणून रागावताही येत नाही. क्रिकेटच्या अकादमीत वर्षाची फी एकरकमी भरणाऱ्या बापाला मात्र असं कुणी विचारत नाही. असो. तुम्ही विचारलंत म्हणून खो-खोचा प्रशिक्षक या नात्याने एकदा सगळं सांगून टाकतो.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० आणि पुरुषांनी ५४-३६ असं हरवलं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यानंतर काही आठवडे प्रश्न बदलला होता: "आमच्या बाळूला कधी पाठवताय तिकडे?" पेपरातले फोटो जुने झाले आणि मूळ प्रश्न परत आला. मला विचाराल तर दोन्ही प्रश्नांत एकच घोटाळा आहे. खेळणाऱ्या मुलाच्या मनात त्या वेळी काय चाललंय, हे दोघांनाही ऐकायचं नसतं.

आठवीतली मुलगी मैदानावर येते तेव्हा तिच्या डोक्यात नोकरी नसते, विश्वचषकही नसतो. तिला पहिल्या तुकडीत, म्हणजे सगळ्यांत आधी उतरणाऱ्या तिघींत, पळायचं असतं, बस्स. सरावात तिचं संरक्षण, म्हणजे बाद न होता पळणं, चाळीस-पन्नास सेकंदांचं असतं आणि पहिल्या तुकडीला निदान सव्वा मिनिट तरी लागतं. मधली पंचवीस-पस्तीस सेकंदं कुठून आणायची, हीच तिची महत्त्वाकांक्षा. आणि ती कुठून येतात हे अगदी नेमकं सांगता येतं. नवी मुलं खांबाकडे पळतात आणि तिथेच घुटमळतात, म्हणून आक्रमकाने खांबाला धरून मारलेल्या सुरात बाद होतात. म्हणजे आधी साखळी, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणं, पक्की करायची: एकेरी, मग दुहेरी. पाठलाग करणाऱ्या आक्रमकाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं, कारण खांदा वळला की दिशा ठरली. बसलेल्या खेळाडूच्या अगदी जवळून निघायचं. लांबून वळसा घेतला की प्रत्येक वळणाला एक-दोन पावलं वाया जातात. हे रोज अर्धा तास केलं आणि स्टॉपवॉच लावून वहीत मांडलं, तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. जी मुलगी गणिताच्या वहीत तारीख घालत नाही, ती ह्या वहीत सेकंदाचे दशांश लिहिते.

तिथून पुढची इच्छा आपोआप वरच्या पायरीवर जाते. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. असोसिएशनच्या स्पर्धांत १४ खालचे किशोर-किशोरी, १८ खालचे कुमार आणि मुली, मग खुला गट. तालुका जिंकला की जिल्हा हवा, जिल्ह्याच्या संघात आलं की विभाग हवा. करिअर मार्गदर्शनाच्या तक्त्याने मुलांच्या मनात जी भूक तयार होत नाही ती ही शिडी तयार करते. पण शिडी वर निमुळती होत जाते, हेही सांगायला हवं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येतात आणि राज्याचा संघ एकच निघतो. बहुसंख्य मुलं जिल्ह्याच्या वर जाणार नाहीत. आम्ही प्रशिक्षक हे पहिल्या दिवशी सांगत नाही, कारण चांगली मुलगी टिकली तर शाळेचं नाव होतं आणि आमचंही.

पूर्वी ह्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं: "सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे की." ते खरं आहे. सारिका काळे यांचं नाव मी लगेच पुढे करायचो: धाराशिवची मुलगी, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार, क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी. समोरचा गप्प व्हायचा. आज तेच उत्तर देताना जीभ अडखळते. जितकं वरचं पद, तितक्या वरच्या पातळीचं पदक लागतं; नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्राने खेळाडूची जागा मिळत नाही. प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते आणि तिथे नावातलं एक अक्षर दाखल्यापेक्षा वेगळं निघालं तर महिने जातात. म्हणून स्पर्धेच्या दिवशीच प्रमाणपत्र वाचून घ्यायचं: नाव, जन्मतारीख, वयोगट, क्रमांक, सही, शिक्का. प्रवेशिकेची आणि निकालपत्रकाची छायाप्रतही ठेवायची. बोगस प्रमाणपत्रं करणाऱ्यांनी खऱ्या खेळाडूंवर हा वैताग आणला आहे.

त्यातून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. खो-खोची मुलं चपळ, भरतीत सहज निघतील, असं घरच्यांना वाटतं. मुलींच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. १०० मीटरला खो-खो कामाला येतो. ८०० मीटरला उलट आडवा येतो, कारण ह्या मुलींना दहा-पंधरा मीटर जीव तोडून पळायचं आणि वळायचं एवढंच अंगवळणी पडलेलं असतं. पहिले ४०० मीटर त्या वाऱ्यासारख्या जातात आणि सहाशेला छाती भरते. वेगळा सराव लागतो. खेळलं की भरती झाली, असं काही नसतं.

आता तुम्ही कधीच विचारत नाही ते. गुडघा.

एका मुलीचं सांगतो, नाव-गाव सोडून. बारावीत होती, मुलींच्या गटात जिल्ह्याची पहिल्या तुकडीची खेळाडू. बेत पक्का: राज्य स्पर्धेत पदक, मग भरतीत खेळाडूची जागा. निवड चाचणीच्या मैदानावर दोनच दिवस आधी नवा मुरूम पसरला होता. पाणी मारून, रोलर फिरवून तो बसवायला हवा होता, ते अर्धवट राहिलं. कुठे वर सुटे खडे, कुठे खाली कडक थर. ती त्या दिवशी चौथ्यांदा पळायला उतरली, म्हणजे पाय भरून आलेले. डावीकडे हुलकावणी दिली, उजवा पाय रोवला. पाऊल आधी घसरलं आणि मग कडक थरात एकदम अडकलं. अंग वळलं, पाऊल वळलं नाही, गुडघा आत पडला. 'कट्' असा आवाज पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, बसलेल्या मुलींनी ऐकला. कुणाचा धक्काही लागला नव्हता. ही दुखापत बहुधा अशीच होते.

दोन तासांत गुडघा टम्म फुगला. इतक्या लवकर सूज चढली की आत रक्त साचलंय असं धरून हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं जोडणारे बंध, तपासून घ्यायचे, हा नियम. तिच्या बाबतीत झालं ते असं: बर्फ, क्रेप बँडेज, आंबेहळदीचा लेप आणि "मुरगळलाय". एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, सगळ्यांना हायसं वाटलं. एक्स-रेत अस्थिबंध दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो. तीन आठवड्यांत सूज उतरली. ती चालायला लागली, सरळ पळायलाही लागली, आणि इथेच सगळे फसतात. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला तरी सरळ रेषेत पळता येतं, फक्त वळता येत नाही. आणि खो-खोत वळण्याशिवाय आहे काय? चौथ्या आठवड्यात ती स्पर्धेला उतरली. साखळीच्या तिसऱ्या वळणावर गुडघा निसटला आणि आतली गादीही फाटली.

तिला कुणी ढकललं नव्हतं. प्रशिक्षक थांब म्हणाले होते, आईही म्हणाली होती. पण पदक नसेल तर प्रमाणपत्राला किंमत नाही, हे तिला पाठ होतं, आणि त्या गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी खुला गट, म्हणजे रेल्वेच्या नोकरदार खेळाडूंसमोर उभं राहायचं. खेळाने तिला ध्येय दिलं, ते खरंच. त्याच ध्येयाने तिला तुटक्या गुडघ्यावर उतरवलं, तेही खरं. ह्यातलं एक ठेवून दुसरं कसं काढायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून त्याचा नवा बंध बसवला. पहिलं काम गुडघा पूर्ण सरळ करण्याचं, मग मांडीची ताकद. साधारण तीन-चार महिन्यांनी हलकं धावणं, आणि खेळायला निदान नऊ महिने. बारावीच्या पेपरला पाय लांब करता यावा म्हणून कडेच्या बाकासाठी केंद्रावर आधी अर्ज द्यावा लागला. ती पास झाली.

हे टाळण्याचे उपाय महाग नाहीत. आठवड्यातून तीनदा, सरावाआधी पंधरा मिनिटं: एका पायावर बैठका, फूटभर उंचीच्या पायरीवरून उडी मारून गुडघा आत न पडू देता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, तोल. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून त्यांच्याकडून तर नेमाने करून घ्यायचं. पण मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, आणि स्पर्धा जवळ आली की प्रशिक्षक आधी हीच पंधरा मिनिटं कापतो.

ती मुलगी आता कॉलेजात आहे, पंच परीक्षेचा अभ्यास करते. विशीच्या आतबाहेरच्या वयात वळणाच्या खेळात परतणाऱ्यांपैकी साधारण चार-पाचांतल्या एकाचा ह्या नाही तर दुसऱ्या गुडघ्याचा बंध पुन्हा तुटतो, हे तिला माहीत आहे. एका पायाच्या उडीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के अंतर गाठत नाही तोवर खेळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. ती अजून तिथवर पोचलेली नाही. भरतीच्या ८०० मीटरला एवढा गुडघा पुरे, असं तिचे वडील म्हणतात, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तिला मात्र आधी खुल्या गटाची निवड चाचणी द्यायची आहे.