'हे नऊ सोडले तर'

मी खुर्ची ओढून नव्या ट्रेडरच्या शेजारी बसलो तेव्हा तो लाँग होता, म्हणजे भाव चढेल म्हणून घेऊन बसला होता. भाव स्टॉपपासून, म्हणजे तोटा मान्य करून निघायच्या ठरलेल्या पातळीपासून, चार टिक वर होता. टिक म्हणजे भावाची सगळ्यात लहान पायरी. मी काही बोललो नाही. डेस्कवरच्या नव्या मुलांना तयार करायचं काम माझ्याकडे आल्यापासून एक पथ्य पाळतो: चालू सौद्यात तोंड उघडायचं नाही. एकदा 'निघ' म्हटलं की पुढचा प्रत्येक सौदा पोरगं माझ्या चेहऱ्याकडे बघून करणार.

चाराचे दोन टिक झाले. माउसवरची त्याची तर्जनी थरथरत होती. मग त्याने स्टॉपची लाल रेघ धरली आणि हळूच खाली ओढली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "सर, खाली सपोर्ट आहे." म्हणजे भाव तिथे पडायचा थांबेल. असेलही. सौदा घेताना लिहिलेल्या कारणात मात्र त्याचा पत्ता नव्हता. शेवटी बाहेर पडला तो 3 आर गमावून. आर म्हणजे सौद्यात शिरताना 'फार तर एवढे जाऊ देईन' म्हणून ठरवलेली रक्कम. ठरवला होता एक, गेले तीन.

मार्केट बंद झाल्यावर त्याची शीट उघडली. आजचा धरून 180 सौदे. 104 नफ्यात, 76 तोट्यात.

"शंभरातले जवळजवळ 58 बरोबर येतात, सर. मग पैसे जातात कुठे?"

जात होते ते असे: सरासरी नफा 0.6 आर, सरासरी तोटा 1.1. नफा दिसला की हात शिवशिवतात, तोटा दिसला की आशा सुटत नाही. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985 मध्ये या खोडीला 'डिस्पोझिशन इफेक्ट' असं नाव दिलं. नाव त्यालाही पाठ होतं, पण तेवढ्याने बोट थांबलं नाही.

मी तोट्याचा रकाना मोठ्याकडून लहानाकडे लावला. वरचे नऊ सौदे मिळून 29 आर, आणि नऊच्या नऊ ठिकाणी स्टॉप सरकवलेला. सगळ्या सौद्यांचा मिळून निव्वळ तोटा होता 21.2. मी मागे टेकून बसलो. हा माझा आवडता क्षण, खोटं कशाला बोलू.

"हे नऊ सोडले तर तू जवळजवळ आठ आर नफ्यात आहेस."

तो बराच वेळ शीटकडे बघत राहिला.

"पण सर, सोडायचे कसे? स्टॉप पाळला असता तरी ते तोट्यातच जाणार होते. प्रत्येकी एक आर धरला तर नऊ. म्हणजे मी उणे 1.2. वर कमिशन वेगळं."

मी पुन्हा बेरीज केली. बरोबर होती. हाच 'सोडले तर'चा हिशेब आजवर किती जणांना दाखवला असेल आणि ते किती खूश होऊन गेले असतील, हे आठवून कसंसंच झालं. मी गळक्या बादल्या बुजवून देत होतो. विहिरीला पाणी आहे का, हे बघतच नव्हतो.

माझ्या पहिल्याच तासात टर्टल्सची गोष्ट हमखास असते. ट्रेडर घडवता येतो की जन्मावाच लागतो, यावर रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या दोन अमेरिकन ट्रेडर्सचा वाद. 'घडवता येतो' म्हणणाऱ्या डेनिसने 1983 मध्ये जाहिरात देऊन माणसं निवडली (तीच टर्टल्स), पहिल्या तुकडीला दोन आठवडे शिकवलं, आणि पुढे त्यातल्या अनेकांनी भरपूर कमावलं. सांगताना माझा सगळा जोर त्या दोन आठवड्यांवर. पण त्यांच्या हाती पडले होते ते आधीच तपासून घेतलेले नियम: कुठे शिरायचं, किती घ्यायचं, कुठे निघायचं. शिवाय पैसा डेनिसचा. या मुलाला मी नियम दिलाच कुठे होता? त्याने स्वतः आणलेला नियम फक्त पाळायला लावत होतो.

"म्हणजे माझी पद्धतच चालत नाही का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मेंटॉरच्या तोंडी हे शब्द शोभत नाहीत, पण खरंच माहीत नव्हतं. नफ्याचे बरेचसे सौदे त्याने घाईघाईने बुक केले होते. तो निघाल्यावर भाव आणखी किती चालला, त्याच्या स्टॉपला शिवून गेला की नाही, हे कळलं तर काही बोलता येणार. शीटमध्ये त्याचा रकानाच नव्हता.

शीटचा नमुना मीच बनवलेला.

मी नवा रकाना घातला. नफ्याच्या एकेका सौद्याचा चार्ट तो उघडायचा, आकडा सांगायचा, मी भरायचो. मधेच म्हणाला, "हे पुरं होईपर्यंत सौदे बंद ठेवू का?" मी हो म्हटलं. उठलो तेव्हा 40 भरून झाले होते आणि त्यांवरून कुठल्याच बाजूने काही म्हणता येत नव्हतं. उरलेले 64 दुसऱ्या दिवशी.