काढली तरी चालते, ती प्लीहा

प्लीहा, म्हणजेच पानथरी, हा शरीरातला एक शोभेचा अवयव, असा समज चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही मी ऐकला आहे. ती काढल्यावर माणूस जगतो हे खरे; पण तेवढ्यावरून तिला बिनकामाची ठरवणे मला घाईचे वाटते.

पोटाच्या डाव्या बाजूला, श्वासपटलाखाली, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड ती असते. लांबी सुमारे 12 सेंटिमीटर, वजन साधारण 150 ग्रॅम, रंग जांभळट. स्वादुपिंडाचे शेपूट थेट तिच्या रक्तवाहिन्यांच्या प्रवेशद्वाराजवळ पोहोचते, त्यामुळे शस्त्रक्रियेत ते दुखावणार नाही याची काळजी घ्यावी लागते. निरोगी प्रौढाची प्लीहा सहसा हाताला लागत नाही. मलेरिया, काळा आजार किंवा यकृताचा सिऱ्होसिस (यकृत कठीण होत जाण्याचा आजार) यांत ती वाढते, तेव्हा बरगड्यांखालून तिरकी उजव्या ओटीपोटाच्या दिशेने उतरते. म्हणूनच पानथरी तपासताना डॉक्टर उजवीकडे खाली हात ठेवून, रुग्णाच्या प्रत्येक श्वासागणिक तो डावीकडे वर सरकवत नेतात.

खरी करामत आहे ती तिच्या लाल गरात, म्हणजे आतल्या रक्ताने भरलेल्या मऊ भागात. येथे आलेल्या रक्ताचा काही भाग वाहिन्यांच्या बाहेर, भक्षक पेशींनी भरलेल्या जाळीत सोडला जातो. तेथून परत प्रवाहात यायचे, तर तांबड्या पेशीला शिरिकांच्या (प्लीहेतील बारीक रक्तवाहिन्यांच्या) भिंतीतील जेमतेम एक-दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद फटीतून पार व्हावे लागते, आणि तिचा स्वतःचा व्यास असतो सात-आठ मायक्रॉन! तरुण पेशी अंग चोरून निघून जाते. सुमारे 120 दिवसांचे आयुष्य संपत आलेली, ताठरलेली पेशी अडकते, भक्षक पेशी तिला गिळतात आणि तिच्यातील लोह पुन्हा वापरासाठी सोडतात. याहून नाजूक काम म्हणजे, पेशी धडधाकट असून तिच्यात केंद्रकाचा अवशेष उरला असेल, तर पेशी न मोडता तेवढाच काढून घेतला जातो. प्लीहा नसलेल्या माणसाच्या रक्ताच्या काचपट्टीवर हे अवशेष, म्हणजे हॉवेल-जॉली कण, गडद ठिपक्यांसारखे स्पष्ट दिसतात.

शरीरातील जवळपास एक तृतीयांश प्लेटलेट्सही (रक्त गोठवणारे कण) येथेच मुक्कामाला असतात.

लाल गरात विखुरलेला पांढरा गर म्हणजे लिम्फोसाइट, अर्थात रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचे पुंजके. न्यूमोकोकससारखे (न्यूमोनियाचा जिवाणू), अंगावर शर्करेचे कवच असलेले जिवाणू भक्षक पेशींच्या तावडीत सहज सापडत नाहीत. त्यांच्याविरुद्ध झटपट प्रतिपिंडे (जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिने) तयार करण्यात प्लीहेचा वाटा मोठा आहे. प्लीहा काढलेल्या अर्भकांमध्ये गंभीर जंतुसंसर्ग होतो, हे किंग आणि शूमेकर या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 1952 मध्ये दाखवून दिले. आता अपघातात प्लीहेला इजा झाली तरी, रुग्णाची प्रकृती स्थिर असल्यास, शक्यतो ती वाचवण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असतो. ठरवून काढायची असेल, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी या जिवाणूंवरील लसी शक्यतो किमान दोन आठवडे आधी देतात. लस घेतली तरी धोका पूर्ण टळत नाही. अशा व्यक्तीला ताप आला, तर सकाळपर्यंत वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे, कारण हा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.