ताक्त्सांगची वाट: चढ सोपा, पायऱ्या अवघड

भूतानमध्ये पारोजवळच्या ताक्त्सांगला, म्हणजे टायगर्स नेस्ट या कड्यावरच्या बौद्ध मठाला, सहलीच्या पहिल्याच दिवशी जाऊ नये. भारताच्या सीमेवरचं फुंटशोलिंग जेमतेम ३०० मीटरवर, पारो २,२०० च्या वर आणि मठ ३,१२० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. थिंफू-पारोत दोन-तीन रात्री काढून मग निघालं, तर डोकं धरणं, मळमळणं बरंचसं टळतं. भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास आहे, तेवढं गाडी ठरवताना लक्षात ठेवायचं.

आम्ही आठच्या आत चालायला लागलो आणि माझ्या मते हीच वेळ बरोबर. दुपारी एक ते दोन मठ जेवणासाठी बंद असतो. दहाला निघणारे नेमके त्याच वेळी दारात पोचतात. तिकीट पायथ्यालाच काढायचं, वर खिडकी नाही. काठीही इथेच भाड्याने मिळते. चढताना ती लोढणं वाटते, पण उतरताना गुडघे तिच्याच भरवशावर असतात.

पायथा साधारण २,६०० मीटरवर, म्हणजे पाचशे मीटरची चढाई. पाइनच्या झाडीतून धुळीची, वळणावळणाची वाट आहे. पावसानंतर तिचा चिखल होतो आणि त्यात घोड्यांची लीद. घोडे आले की डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, कारण ओझ्याचा एक धक्का पुरतो. वेग असा ठेवायचा की चालता चालता बोलता आलं पाहिजे. तरणी मुलं पहिला अर्धा तास पळतात आणि पुढच्या वळणावर बसलेली सापडतात.

अर्ध्या वाटेवर कॅफेटेरिया आहे. जाताना फक्त चहा घ्यावा, जेवण परतताना. भरल्या पोटी पुढचा टप्पा जड जातो. वाटेत कपारींमध्ये वाटीएवढे मातीचे छोटे स्तूप रांगेने ठेवलेले दिसतात. त्यांना त्सा-त्सा म्हणतात. बऱ्याचदा त्यांत मृतांची राख मिसळलेली असते, म्हणून हात लावायचा नाही, आणि आठवण म्हणून एखादा खिशात टाकणं तर दूरच.

खरी परीक्षा मठ समोर दिसल्यावर सुरू होते. फोटो काढायची ती जागा मठापेक्षा थोडी उंच आहे. मध्ये दरी, म्हणून शेकडो पायऱ्या खाली धबधब्याजवळच्या पुलापर्यंत उतरायचं आणि पुन्हा तितकंच चढायचं. परतताना हेच उलट, तेही थकलेल्या पायांनी. ‘आलोच की’ म्हणून पाणी इथेच संपवणारे फसतात. माणशी दीड-दोन लिटर हवंच.

दारात पिशवी, मोबाइल, कॅमेरा सगळं ठेवून घेतात. दानपेटीसाठी सुटे पैसे आधीच खिशात काढून घ्या. आपले रुपये चालतात. पूर्ण बाह्या, लांब पँट, डोक्यावर टोपी नाही. बूट काढल्यावर फरशी बर्फासारखी लागते, तेव्हा लोकरी मोजे हवेत. घामाने भिजलेला सुती शर्ट तर आत हुडहुडी भरवतो, एक कोरडा सोबत ठेवावा.

आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले, अशी श्रद्धा आहे. त्या गुहेभोवती १६९२ मध्ये मंदिर बांधायला घेतलं. १९ एप्रिल १९९८ च्या आगीत मुख्य वास्तू जळाली. आज दिसते ती २००५ मध्ये पुरी झालेली पुनर्बांधणी. हे ठाऊक असलं की भिंतींवरचे रंग इतके ताजे कसे, हा प्रश्न पडत नाही. वेगवेगळ्या गाभाऱ्यांतून सावकाश फिरायला तास सहज जातो. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवी घालून.

घोडा फक्त चढायला मिळतो, तोही अर्ध्या वाटेपर्यंत. उतरताना कुणालाच नाही, कारण तीव्र उतारावर स्वार पुढे फेकला जातो. तेव्हा ज्यांचे गुडघे दुखरे आहेत, त्यांनी घोडा मिळेल का हे विचारण्याआधी उतरणं झेपेल का ते ठरवावं. कॅफेटेरियापर्यंत जाऊन समोरचा मठ डोळे भरून पाहून परतणारेही पुष्कळ असतात.