पाठीला माती लागल्यावर

नोव्हेंबर संपता संपता हेलसिंकीला दुपारी साडेतीनलाच अंधार पडायला लागतो. त्या अंधारात मी पहिल्यांदा त्या दारापाशी पोचलो तेव्हा पत्ता चुकला असंच वाटलं. समोर टेकडीचा उघडा ग्रॅनाइट आणि त्यात बसवलेलं जाडजूड लोखंडी दार. युद्ध पेटलं तर माणसांना आत शिरता यावं म्हणून या शहरानं खडक फोडून जागोजाग आसरे करून ठेवलेत. शांततेच्या काळात ते रिकामे ठेवत नाहीत. कुठं पोहण्याचा तलाव आहे, कुठं गाड्या लावतात, कुठं खेळतात. आमची तालीम अशाच एका आसऱ्यात भरते.

तालीम हा शब्द माझा. तिथली पोरं जिमला सालीच म्हणतात आणि या खेळाला लुक्कोपाइनी. लुक्को म्हणजे कुलूप, पाइनी म्हणजे कुस्ती. समोरच्याच्या सांध्याला नाहीतर गळ्याला असं कुलूप घालायचं की त्यानं स्वतःहून हात आपटून 'सोड' म्हणावं. बाहेर जगात याला सबमिशन ग्रॅपलिंग म्हणतात. नाव ऐकल्याक्षणी मला ते आवडलं, कारण नावातच कुस्ती होती.

मी करवीर तालुक्यातला. आठवीपासून बारावीपर्यंत पहाटे चारला उठून गावच्या तालमीत गेलेलो. आण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी जत्रेतल्या फडात कुस्त्या करायचे. ताक, हळद, लिंबू आणि तेल घालून मळलेल्या लाल मातीचा वास अजून माझ्या नाकात आहे. पुढं इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, माती सुटली. २०२१ साली कामानिमित्त फिनलंडला आलो आणि पहिल्या हिवाळ्यात अंगाला अंग भिडल्याशिवाय दिवस काढणं असह्य झालं. या देशात बसथांब्यावरसुद्धा दोन माणसांत हातभर अंतर असतं. म्हणून ते लोखंडी दार शोधत गेलो.

त्या संध्याकाळी माझ्यासमोर आला तो पांढऱ्या दाढीचा, पन्नाशीचा, शहरात बस चालवणारा माणूस. हस्तांदोलन केलं आणि सरळ खाली बसला, मग पाठीवर रेलला. मला क्षणभर कळेचना. आमच्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपली. हलगी थांबते आणि जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात. हा तर सुरुवातीलाच पाठ टेकून हसतोय!

मी त्याच्यावर गेलो. त्यानं पाय माझ्या कमरेभोवती गुंफले, माझा हात ओढला, कूस बदलली आणि मी खाली. माझी पाठ गादीला लागायला आली तसं अंगानं जे वीस वर्षांपूर्वी शिकलं होतं तेच केलं. मान ताठ करून पूल केला आणि झटक्यात पोटावर वळलो. कुस्तीत हे बरोबर आहे, पोटावरच्या माणसाला चीत करायला घाम गाळावा लागतो. इथं मात्र मी त्याला माझी पाठ देऊन बसलो होतो. त्याच्या टाचा माझ्या जांघांत अडकल्या, एक हात हनुवटीखालून सरकला आणि डोळ्यांपुढं कडेकडेनं काळं व्हायला लागलं. मी हात आपटला. पाच मिनिटांत हे चार वेळा झालं, आणि चारही वेळा अगदी याच वाटेनं.

या गळफासाबद्दल आपल्याकडं बराच गैरसमज आहे. नीट लावलेल्या चोकमध्ये श्वासनळी दाबत नाहीत. कोपराचा कोन बरोबर गळ्यासमोर येतो, त्यामुळं नळीला धक्का लागत नाही. दंड आणि मनगट दोन बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतात. मेंदूकडं जाणारं रक्त कमी होतं आणि साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते. दुखत तर फारसं नाहीच. म्हणूनच वेळेत हात आपटायला शिकावं लागतं. पायाच्या हील हुकमध्ये तर ही गोष्ट जास्तच गंभीर. टाच पकडून पिळतात, पण पीळ बसतो गुडघ्यात, आणि अस्थिबंध तुटायच्या आधी पुरेशी कळ येईलच असं नाही. कळ येण्याची वाट बघायची नाही. पकड पक्की बसली हे कळलं की सोडवून घ्यायचं.

हात आपटणं मला फार अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते पाठीवर पडून राहणं.

आमची कोच शांत बाई आहे, कमी बोलते. तिसऱ्या आठवड्यात तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "महिनाभर तू प्रत्येक लढत पाठीवर झोपूनच सुरू करायची. वळायचं नाही." मला वाटलं, हे सोपं आहे. पण माझी मान तयार होईना. गादीला खांदे लागले की पाठीचा कणा आपोआप कमान घ्यायचा, जणू खाली निखारे आहेत. चौदा-पंधराच्या वयात आमच्या वस्तादांनी काठीनं ठोकून ठोकून अंगात उतरवलेली ती शिकवण होती, आणि ती खोटी नव्हती. मी रोज रात्री घरी जमिनीवर उताणा झोपून छताकडं बघत कंबर डावीकडं, उजवीकडं सरकवत राहायचो. कोळंबी सरकते तशी ती हालचाल. शेजारच्या खिडकीत लोक नाताळचे दिवे लावत होते.

मग हळूहळू कळायला लागलं. पाठीवर असलेल्या माणसाचे दोन पाय मोकळे असतात, आणि पाय हातांपेक्षा लांब आणि कितीतरी ताकदवान. ते मधे असेपर्यंत वरचा माणूस वर असून वर नसतो. याला गार्ड म्हणतात. गार्डमधून समोरच्याला लोळवता येतं, त्याचा हात सरळ करून कोपर तोडता येतं, दोन पायांत मान आणि खांदा धरून गळा आवळता येतो. माझी पट काढायची, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायची, सवय इथं फुकट गेली नाही. एकेरी पट मी आजही आमच्या जिममधल्या बहुतेकांपेक्षा चांगला काढतो, कब्जा घेतला की माणूस सुटत नाही. फक्त पट काढताना मान बाहेर ठेवायची सवय मोडावी लागली, कारण ती मान थेट समोरच्याच्या काखेत जाते आणि गळा आवळला जातो. मातीत कुणी मान धरली तर फार तर ढकलतो. इथं ती मान म्हणजे निकाल.

२०२३ च्या फेब्रुवारीत एका रविवारी मी ट्रामनं त्योल्यो भागात गेलो. तिथल्या ऑलिंपिक स्टेडियमजवळ १९३५ साली बांधलेली एक मोठी इमारत आहे. तेव्हा ती मेस्सुहाल्ली, म्हणजे प्रदर्शनांचं सभागृह होती, आता क्रीडागृह आहे. १९५२ च्या ऑलिंपिकमधल्या कुस्त्या इथं झाल्या. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ५७ किलो गटातलं कांस्यपदक इथं मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्याबरोबर गेलेले आपलेच केशव माणगावे पदकाच्या उंबरठ्यावरून परतले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा कुठं खाशाबांचं जाणं झालं. कोल्हापुरात ही गोष्ट माहीत नसलेलं घर सापडायचं नाही.

आत मुलं फ्लोअरबॉल खेळत होती, एका कोपऱ्यात वयस्कर बायका बॅडमिंटन. मी बाकावर बसलो आणि आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळ होऊन गेली होती. मी फोन सगळ्या सभागृहाभोवती फिरवला. आण्णांनी आधी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग बराच वेळ नुसते बघत राहिले.

"हितंच का रं?"

"हितंच, आण्णा."

"माती नव्हती न्हवं तवा?"

माती नव्हतीच. खाशाबाही मातीतलेच. १९४८ ला लंडनला गेले त्याआधी ते गादीवर खेळलेले नव्हते, नियम नवे होते, तरीही सहावे आले. रीस गार्डनर या अमेरिकी कुस्तीगिरानं तिथं त्यांना गादीवरची कुस्ती शिकवली. हे मी शाळेपासून ऐकत आलोय, पण त्या बाकावर बसून पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. बावीस वर्षांच्या मल्लानं, आपल्या फडात कुणी हरवू शकत नसताना, परक्या गावात जाऊन पुन्हा पाया भरायला घेतला. मला महिनाभर पाठीवर झोपायला सांगितलं तर केवढं जड गेलं होतं.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसानंतर सुचली. १९५२ ला त्या गटात सोनं जिंकलेले जपानचे शोहाची इशी हे मूळचे ज्युडोका. युद्धानंतर जपानमध्ये ज्युडोवर बंदी आली आणि ते कुस्तीकडं वळले. म्हणजे आमच्या लुक्कोपाइनीचं मूळ ज्या ज्युडोत आहे, त्या ज्युडोत घडलेल्या माणसाशी खाशाबांची गाठ याच छताखाली पडली होती. आम्ही रोज जो खांद्याचा पीळ घालतो त्याचं नावही एका ज्युडोकाचं आहे. मासाहिको किमुरा यांनी १९५१ साली ब्राझीलमध्ये तिथल्या जिउ-जित्सूचे नामवंत एलिओ ग्रेसी यांना त्या डावात हरवलं, आणि हरलेल्यांच्याच परंपरेनं त्या डावाला किमुरा हे नाव दिलं. हरवणाऱ्याचं नाव डावाला द्यायचं, हा मोठेपणा मला फार भावतो.

एप्रिलमध्ये ताम्पेरेला स्पर्धा होती. हेलसिंकीहून आगगाडीनं पावणेदोन तासांच्या आत ते गाव येतं. दोन तळ्यांच्या मधे वसलंय, मधून धो धो वाहणारा प्रवाह जातो. तळ्यांवर अजून बर्फ होता, पण काठाकडं काळपट झालेला. माझा गट ७७ किलोखालचा, आणि मी आदल्या महिन्यात एक्क्याऐंशी. वजन उतरवताना मला राहकानं वाचवलं. राहका म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. चरबी नसलेला, स्वस्त, दुकानात ढिगानं मिळणारा. इथली सगळी खेळाडू मंडळी तो डब्यातून चमच्यानं खातात. स्पर्धा संपल्यावर याच राहकात साखर आणि वेलची घालून सगळ्यांना श्रीखंड करून घालायचं मी आधीच कबूल केलं होतं. वेलची इथं परकी नाही, यांच्या पुल्ला नावाच्या गोड पावात ती असतेच.

नियम एडीसीसी या अबू धाबीच्या सबमिशन ग्रॅपलिंग स्पर्धेच्या धर्तीचे होते. पहिल्या अर्ध्या वेळात गुण नाहीत, नुसती कुलपं. दुसऱ्या अर्ध्यात गुण सुरू, आणि तेव्हा कुणी लढत टाळून आपण होऊन पाठीवर बसला तर त्याचा एक गुण उणा. मातीतल्या माणसाला हा नियम ऐकून बरं वाटतं. पाठीवर जायचं तर समोरच्यानं न्यावं.

पहिली कुस्ती पटावर निघाली. दोनदा एकेरी पट काढला, दोनदा वर राहिलो, गुणांवर जिंकलो. कोपऱ्यातून आमचा बसवाला "ह्युवा! ह्युवा!" ओरडत होता.

दुसऱ्या लढतीतला पोरगा उंच, लवचिक. त्यानं माझाच पट उलटवला आणि मी सपशेल उताणा पडलो. दोन्ही खांदे गादीला, वर सभागृहाचे पांढरे दिवे. कानात क्षणभर सगळं थांबलं. शिट्टी होणार, हात उंचावला जाणार, असं अंगाला वाटलं. शिट्टी झाली नाही. पंच गुडघ्यावर वाकून बघत होता, एवढंच. मी वळलो नाही. कंबर सरकवली, एक गुडघा मधे घातला, मग दुसरा, आणि पायांची मिठी पक्की केली. तो जोर लावायला पुढं झुकला आणि तोल सावरायला त्यानं एक हात गादीवर टेकला. मी त्याचं मनगट धरलं, उठून दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून स्वतःचंच मनगट पकडलं, कंबर बाहेर काढली आणि त्याचा हात त्याच्या पाठीकडं वळवत नेला. अगदी सावकाश. त्यानं माझ्या बरगडीवर दोनदा थाप मारली.

तिसऱ्यात माझी टाच अडकली. पकड बसल्याचं कळलं तसा मी लगेच हात आपटला. गुडघा शाबूत, स्पर्धा संपली. तो पोरगा पुढं गट जिंकला.

संध्याकाळी आम्ही सगळे रौहानिएमीला गेलो. तळ्याकाठची ही सार्वजनिक साऊना १९२९ पासून आहे. तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं की जी वाफ येते तिला लोयल्यू म्हणतात. ती खांद्यांवर उतरली आणि दिवसभराची ठणक जागच्या जागी सुटत गेली. मग बर्फात राखलेल्या मोकळ्या पाण्यात उतरायचं. मी गळ्यापर्यंत उतरलो आणि ओरडलो. बसवाला पाण्यातच शांत उभा होता. त्यानं ओला हात पुढं केला, मी हातात घेतला.

रात्री खोलीवर आल्यावर आण्णांना फोन लावला. तिकडं मध्यरात्र उलटली होती, पण ते जागेच होते. कुणीतरी काढलेला दुसऱ्या लढतीचा व्हिडिओ मी आधीच पाठवला होता.

"पाठ लागली व्हती न्हवं तुझी?"

"व्हय."

"दोनी खांदं."

"दोन्ही, आण्णा."

पलीकडं थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग चटईवर काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला, आणि आईचं झोपेतलं "आता ह्या वेळेला काय?" असं ऐकू आलं.

"मी उताणा झोपलोय," आण्णा म्हणाले. "फोन तक्क्याला टेकवलाय. आता सांग, पहिल्यांदा कंबर कंच्या अंगाला काढायची?"