ल्युसिलिअसची दोन मिनिटं

डिसेंबर उजाडला की शाळेत गॅदरिंगची धांदल सुरू व्हायची. मैदानावर लेझीम, चित्रकलेच्या वर्गात समूहगीत, आणि प्रयोगशाळेमागच्या व्हरांड्यात इतिहासाचे सर नववीच्या पोरांची नाटिका बसवत. दरवर्षी विषय रोमचाच. रोमच का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "तिथं दिलेल्या शब्दाचं देऊळ होतं रे!"

कॅपिटोल टेकडीवरचं फिदेस देवीचं देऊळ. फिदेस म्हणजे इमान. तिची पूजा करताना पुजारी उजवा हात बोटांपर्यंत कापडात गुंडाळत, असं रोमन इतिहासकार लिव्हीने लिहिलंय. इमान उजव्या हातात वसतं, ही त्यामागची श्रद्धा. म्हणून तिसऱ्या घंटेआधी सर विंगेत उभे राहून प्रत्येकाच्या उजव्या हाताला धुतलेल्या मलमलीची पट्टी गुंडाळायचे, क्षणभर हात हातात धरायचे, मग सोडायचे. त्या मलमलीला नीळ घातल्याचा वास यायचा.

आठवीत मी प्रेक्षकांत बसून रोमन सेनापती रेग्युलस पाहिला. रोमच्या शत्रूच्या, कार्थेजच्या कैदेतून तहाचं बोलणं करायला आलेला, तह करू नका असं रोमलाच सांगणारा, आणि शब्द दिला म्हणून मरायला परत जाणारा. इतिहासकार ही कथा खरी मानायला कचरतात. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

नववीत आमची पाळी आली. शेक्सपिअरचा 'ज्युलियस सीझर', सरांनी चाळीस मिनिटांत आणलेला. तालमीनंतर वाद ठरलेला: ब्रूटस इमानी की बेइमान? इ.स.पू. ४८ मध्ये फार्सालसच्या लढाईत तो सीझरच्या विरुद्ध लढला, तरी सीझरने त्याला माफ केलं. त्याच सीझरवर त्याने खंजीर उचलला, तो प्रजासत्ताकासाठी. माझं मत तेव्हाही ब्रूटसच्या बाजूने नव्हतं, आजही नाही.

शेक्सपिअरमध्ये नसलेला एक प्रसंग सरांनी रोमन चरित्रकार स्वेटोनिअसमधून घेतला होता. खून होताच सगळे पळाले, सीझर बराच वेळ तसाच पडून राहिला. शेवटी तिघा गुलामांनी त्याला पालखीत घालून घरी नेलं. एक हात बाहेर लोंबत होता. सातवीची तीन मुलं पालखी घेऊन निघाली तेव्हा सभागृहात चिटपाखरूही हललं नाही.

माझ्या वाट्याला ब्रूटसचा साथी ल्युसिलिअस आला. दोन मिनिटांचं काम. मी हिरमुसलो, तेव्हा सरांनी पायरीवर बसवून ग्रीक चरित्रकार प्लुटार्कमधली हकिकत सांगितली. इ.स.पू. ४२, फिलिपायचं रण. शत्रूचे, म्हणजे सीझरचा मित्र अँटनी याच्या बाजूचे, घोडेस्वार ब्रूटसच्या मागे लागलेले. ल्युसिलिअस मुद्दाम मागे रेंगाळला आणि म्हणाला, मीच ब्रूटस, मला अँटनीकडे न्या. अँटनीपुढे गेल्यावर त्याने ठणकावून सांगितलं की ब्रूटस कुणाच्याही हाती जिवंत लागणार नाही. अँटनीने त्याला मारलं नाही, मिठी मारली. पुढे हाच ल्युसिलिअस अँटनीच्या पडत्या काळातही त्याला सोडून गेला नाही.

"आता सांग, काम लहान आहे?" सरांनी विचारलं.

चंदेरी कागद चिकटवलेली पुठ्ठ्याची तलवार खाली टाकून "मीच ब्रूटस!" म्हणालो, तेव्हा विंगेत ब्रूटस झालेला माझा मित्र रडत होता. तो बाकावरही माझ्या शेजारीच बसायचा.

गेल्या डिसेंबरात माजी विद्यार्थी म्हणून गेलो. सर आता थकलेत, पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. विंगेत नववीतल्या एका मुलाने उजवा हात पुढे केला. पट्टी मी गुंडाळली.