एकाच शीटचे तीन नमुने, तीन आकडे

हवा वाहून नेणाऱ्या डक्टच्या आतून लावायच्या अस्तरासाठी स्टोन वूलची (खडक वितळवून काढलेल्या तंतूंची) एक शीट मोजायला आली होती. 50 मिलिमीटर जाड, घट्ट, अंगठ्याने जोर लावला तर जेमतेम दबणारी. काम नेहमीचंच: 100 मिलिमीटर व्यासाची इम्पीडन्स ट्यूब, म्हणजे माल किती आवाज शोषतो ते मोजायची नळी, तीन नमुने, 200 ते 1600 हर्ट्झ. 500 हर्ट्झला पहिल्या नमुन्याचा ध्वनिशोषण गुणांक (आदळलेल्या आवाजाचा किती भाग शोषला गेला तो आकडा) आला 0.58, दुसऱ्याचा 0.61 आणि तिसऱ्याचा 0.83. तिन्ही एकाच शीटमधून, वीतभर अंतरावर कापलेले.

सरासरी काढून 0.67 लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. असे अहवाल निघतात आणि मला त्याची मनापासून चीड आहे.

आधी संशय उपकरणावर घ्यायचा, हा माझा नियम. नळीच्या एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला नमुना, त्यामागे जाड पोलादी दट्ट्या. मधे नळीच्या भिंतीत दोन मायक्रोफोन. जाणारी आणि परतणारी लाट वेगळी करायची ती या दोघांमधल्या ट्रान्सफर फंक्शनवरून (दोन सिग्नलच्या गुणोत्तरावरून), म्हणजे सगळी भिस्त दोन सिग्नलच्या फेजमधल्या, म्हणजे लाटेच्या चढउताराच्या टप्प्यामधल्या, फरकावर. खालच्या फ्रीक्वेन्सीला तरंगलांबी मोठी, त्यामुळे दोन मायक्रोफोनांमधला फेजचा फरक अगदी थोडा उरतो आणि चॅनेलची एखाद्या अंशाची चूकही निकाल पार बिघडवते. म्हणून खालच्या पट्ट्यासाठी मायक्रोफोन 100 मिलिमीटर अंतरावर, वरच्यासाठी 50 मिलिमीटरवर. वरची मर्यादा नळीच्या व्यासाने ठरते: 100 मिलिमीटरच्या नळीत साधारण 2000 हर्ट्झच्या पुढे लाट सपाट राहत नाही, आडव्या लहरी सुरू होतात आणि सूत्राचा पायाच निघून जातो.

मायक्रोफोनांची अदलाबदल करून फेजचा फरक पुन्हा काढला. नमुना काढून नुसत्या पोलादी दट्ट्यावर मोजलं. गुणांक शून्याला चिकटून होता. नळीतलं तापमान नव्याने टाकलं, कारण एका अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने बदलतो. तिसरा नमुना परत बसवला. परत 0.83.

मग व्हर्नियर काढला. पहिले दोन नमुने 100 मिलिमीटरला नेमके होते, तिसरा 98. तो आमच्या सहकाऱ्याने सुरीने कापला होता. कापायचं गोल पातं बोथट झालं होतं आणि नवीन मागवण्याचा कंटाळा. चोहोबाजूंनी एक मिलिमीटरची फट, डोळ्याला क्षुल्लक. पण हिशोब करा: नळीचं क्षेत्रफळ 7854 चौरस मिलिमीटर, फटीचं 311. चार टक्के उघडी जागा. एखाद्या छिद्रित पत्र्याला असते तेवढी.

फट पडल्यावर आवाज निसटेल आणि शोषण कमी दिसेल, असं बहुतेकांना वाटतं. हलक्या, सच्छिद्र फोममध्ये फटीने फायदा होत नाही, आकडा थोडा घसरूही शकतो. दाट मालात उलटं घडतं. या शीटचा हवेला होणारा रोध मी वेगळा मोजला होता: सुमारे 60,000 पास्कल-सेकंद प्रति चौरस मीटर. 50 मिलिमीटर जाडीला 3000, म्हणजे हवेच्या स्वतःच्या 413 या इम्पीडन्सच्या (ध्वनिलाटेला होणाऱ्या विरोधाच्या) सातपट. अशा पृष्ठभागावरून लाटेचा बराच भाग आत न शिरताच परततो. फट असली की लाट तिथून खोल जाते आणि बाजूच्या तंतूंमध्ये आडवी झिरपते. आत जायला वाट मिळते, म्हणून शोषण वाढतं. ते वाढलेलं शोषण खरंच घडतं, मोजमापात चूक नसते; फक्त ते या मालाचं नसून माल अधिक फट या जोडीचं असतं.

पडताळा सोपा होता. त्याच 98 मिलिमीटरच्या नमुन्याची कड पेट्रोलियम जेलीने भरली. जेली पुढच्या पृष्ठभागावर येऊ द्यायची नाही, नाहीतर तिथली छिद्रं बुजतात. बारीक पट्टीने कडेकडेने दाबत न्यायची, पाठीमागूनही. पुन्हा मोजलं: 0.60. नमुना मोठा कापून ठासून बसवणं हा यावरचा उपाय नव्हे. कडेने आवळलेला नमुना, विशेषतः फोम, स्वतःच्या सांगाड्यानिशी थरथरतो आणि आलेखात नको तिथे उंचवटा किंवा खड्डा उमटवतो.

याच वेळी दुसरी एक गोष्ट सापडली, जी गुणांकात दिसतच नाही. दुसऱ्या नमुन्याचा पुढचा चेहरा खुणेच्या दोन मिलिमीटर मागे बसला होता. गुणांकाला त्याने काही होत नाही, कारण परावर्तनाचं फक्त परिमाण त्यात येतं. पण 1600 हर्ट्झला फेज जवळजवळ सात अंशांनी सरकते आणि इम्पीडन्स चुकतो. डक्टमधल्या क्षीणनाचं (आवाज कमी होत जाण्याचं) नीट गणित इम्पीडन्सवरच चालतं. गुणांक बरोबर आला म्हणून समाधान मानणाऱ्या प्रयोगशाळांना हे कधी कळणारही नाही.

मी ग्राहकाला फोन केला. त्यांचा इंजिनीअर म्हणाला, "मॅडम, 0.83 हा तुमच्याच मशीनने दिलेला आकडा आहे ना? मग तोच द्या."

त्याला मी 400 बाय 400 मिलिमीटरच्या डक्टचा हिशोब सांगितला. सॅबिनच्या नावाने चालणारं जुनं सूत्र आहे: मीटरमागे क्षीणन म्हणजे 1.05 गुणिले गुणांकाचा 1.4 घात, गुणिले परिमिती भागिले क्षेत्रफळ. 0.60 ला मीटरमागे सुमारे 5 डेसिबेल येतात, 0.83 ला 8. दोन मीटर अस्तरात सहा डेसिबेलची तफावत, म्हणजे कागदावर पास झालेली यंत्रणा चालू केल्यावर नापास. त्यात हे सूत्र सर्व दिशांनी येणाऱ्या आवाजाचा गुणांक मागतं. ट्यूब फक्त सरळ आदळणाऱ्या लाटेचा देते, आणि डक्टमध्ये तर लाट अस्तराला घासत जाते. तरीही सगळे ट्यूबचाच आकडा सूत्रात घालतात.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण साइटवर शीटच्या जोडांना फटी असतातच की."

हा प्रश्न मला सोडत नाही. 1200 बाय 600 ची शीट, जोडात तीन मिलिमीटर फट धरली तर उघडी जागा पाऊण टक्का भरते. ट्यूबमधल्या चार टक्क्यांच्या आसपासही नाही. शिवाय दोन फटींमधलं अंतर 600 मिलिमीटर, तिथून मधल्या मालापर्यंत दाब पोहोचणार कसा? त्याचं म्हणणं त्याच्या शीटला लागू पडत नाही. पण दाट शीटमध्ये मुद्दाम जवळजवळ चिरा पाडल्या तर लागू पडेल.

अहवालात मी तिसऱ्या नमुन्याचे जेलीआधीचे आणि नंतरचे दोन्ही आलेख दिले, व्यासांसकट. शीटचा उरलेला तुकडा ठेवून घेतला आहे. नवीन पातं आलं की त्यातून नेमक्या 100 मिलिमीटरच्या चकत्या काढून एक, दोन आणि तीन मिलिमीटर रुंदीच्या आरपार चिरा पाडणार आहे, कडा जेलीने बंद करून.